जुडीवर एक

आवडाबाईंचे हात कुणी कधी रिकामे बघितले नाहीत, असं मी लोकांना सांगत आले. ते खोटं आहे. पंच्याऐंशी साली अधिक श्रावणात ते हात रिकामे झाले, पहिले तीन दिवस तर नुसते मांडीवर पालथे ठेवलेले, आणि त्या तीन दिवसांची भीती माझ्या अंगातून अजून गेलेली नाही. आवडाबाईंबद्दल लिहायचं तर ती गाळून लिहिता येत नाही.

आम्ही दोघी उस्मानपुऱ्यातल्या एका बारा खाटांच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात नर्स होतो. त्या आवडासिस्टर, मी रईसासिस्टर. त्या माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठ्या, मूळच्या वैजापूरकडच्या. त्यांच्या वडिलांनी निजामाच्या तुरुंगात टकळी हातात धरली ती पोलीस ॲक्शननंतरही सोडली नाही, आणि मुलीला पाटी-पेन्सिलीच्या आधी टकळीच दिली. बोटांना तेव्हा लागलेली ती सवय. सुताची लोकर झाली, टकळीच्या सुया झाल्या, पण बोटं काही थांबली नाहीत.

त्यांच्या ॲप्रनच्या एका खिशात थर्मामीटर आणि दुसऱ्यात लोकरीचा गुंडा असायचा. पट्ट्यांचा ड्रम जंतू मारायला वाफेला लावला की पाऊण तास मोकळा. तेवढ्यात बाहीच्या बारा ओळी होत. रिक्षात विणकाम, रेशनच्या रांगेत विणकाम. गुलमंडीच्या बाजारातून लोकर आणायची, आणली की आधी नाकाला लावायची आणि मग रंग बघायचा. रविवारी गोधडी, सणासुदीला क्रोशाची तोरणं. दवाखान्यात जन्मलेल्या निम्म्या पोरांच्या डोक्यावर त्यांची टोपी होती. डॉक्टर म्हणायचे, "आवडाबाई, एक दिवस तुम्ही पेशंटला लोकरीनं शिवाल." आम्ही सगळे हसायचो. मला मात्र विणकाम आजतागायत जमलेलं नाही. त्यांनी मला तीनदा शिकवायला घेतलं आणि तिन्ही वेळा माझा मफलर वर जाता जाता रुंद होत गेला. शेवटी त्या म्हणाल्या, "रईसा, तू आपली बोलत बस, मी इनते."

मी एकदा विचारलं होतं, ड्यूटी करून थकत नाही का, वर हा उद्योग कशाला? तर म्हणाल्या, "दिसभर लोकाच्या कळा ऐकायच्या. मंग हातात असं कायतरी पायजे का जे वरडत नाय."

त्या साली अधिक महिन्यात त्यांच्या सासूबाईंनी, लक्ष्मीबाईंनी, देवाला लाख वाती बोलल्या होत्या. म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळं वाती वळायचं काम सुनेवर आलं. सुनेला काय, तेवढंच निमित्त. जेवणाच्या सुट्टीत त्या लिननच्या, म्हणजे चादरी-कपड्यांच्या, खोलीत कापूस घेऊन बसायच्या, मी सरकी काढून द्यायची, त्या वात वळायच्या. दहा वाती झाल्या की जुडी बांधायची, आणि बांधताना वर एक जास्तीची ठेवायची. लक्ष्मीबाईंची शिस्तच तशी होती. वात तुटते, मोजणारा चुकतो, देवाला कमी जायला नको, म्हणून जुडीवर एक. त्यांच्या बोटांना ते इतकं अंगवळणी पडलं होतं की त्या माझ्याशी गप्पा मारायच्या आणि वरची वात आपोआप ठेवली जायची.

त्याच खोलीत, त्याच चटईवर आम्ही ऑपरेशनच्या घड्याही करायचो. तेव्हा तयार पाकिटं आमच्याकडं येत नव्हती. गॉजचं, जाळीदार पट्टीच्या कापडाचं, थान आणायचं, तुकडे कापायचे, कडा आत घेऊन तळहाताएवढी घडी घालायची, पाच घड्यांची जुडी पांढऱ्या दोऱ्यानं बांधायची आणि ड्रममध्ये भरून वाफेला लावायची. पोट उघडल्यावर रक्त टिपायला ह्या घड्या आत जातात. म्हणून नियम असा की जुडी सोडताना पाच मोजायच्या, आणि पोट शिवायच्या आधी वापरलेल्या सगळ्या पुन्हा मोजायच्या. जेवढ्या सोडल्या तेवढ्या बाहेर आल्या की डॉक्टर शिवणार. शेवटची मोजणी आवडाबाईंची. जुडी सोडताना मोजायचं काम माझं.

ते मी करत नव्हते. आवडासिस्टरनं बांधलेल्या जुड्या मोजायच्या म्हणजे मला त्यांचा अपमान केल्यासारखं वाटायचं. दोरा सोडायचा, घड्या पसरायच्या, पाच लिहायचं. असं किती महिने चाललं होतं, मला आठवत नाही.

मंगळवारी सकाळी सिल्लोडची हसीना टेबलावर आली. वीस-एकवीस वर्षांची, पहिलीच खेप, मूल आडवं. तिच्या नवऱ्याचं, गयासचं, सिल्लोडला सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तो व्हरांड्यात काळ्या पडलेल्या बोटांची नखं खात उभा होता. सिझर झालं, मुलगी झाली, चांगली ठणठणीत रडली. चार जुड्या लागल्या. शेवटी आवडाबाईंनी मोजलं, वीस. मी वहीत वीसच लिहिलं होतं. डॉक्टरांनी शिवलं, आम्ही चहा प्यायलो.

बुधवारी दुपारी आवडाबाई एका बाईच्या पट्टीसाठी त्याच ड्रममधली जुडी सोडत होत्या. मी शेजारी बसून काहीतरी सांगत होते. मध्येच माझ्या लक्षात आलं की त्या ऐकत नाहीत. हात थांबले होते.

"रईसा," त्या म्हणाल्या, "ह्या मोज."

मी मोजल्या. सहा होत्या. मी हसून म्हणाले, "एक जास्त आलीय." आणि हसता हसताच पुन्हा मोजायला घेतल्या.

ड्रममध्ये अजून सात जुड्या होत्या. आम्ही खोलीचं दार लावलं आणि एकेक सोडली. पाच, पाच, सहा, पाच, पाच, सहा, पाच. सोमवारी दुपारी ज्या चटईवर वातींच्या जुड्या बांधल्या, त्याच चटईवर लगेच ह्या बांधल्या होत्या. डोकं बोलण्यात होतं आणि बोटांनी आपल्या मनानंच वर एक ठेवली होती.

म्हणजे कालच्या चार जुड्यांतली एखादी सहाची असली, तर हसीनाच्या पोटात एकवीस घड्या गेल्या होत्या. बाहेर वीस आल्या होत्या. मोजणी बरोबर जुळली होती, आणि तीच भीतीची गोष्ट होती. एक जास्त निघाली असती तर आम्ही हसून सोडून दिलं असतं. वीसच निघाल्या म्हणजे एकतर सगळं ठीक होतं, नाहीतर एक घडी आतच होती. दोन्हीपैकी काय, ते सांगणारं जगात कुणी नव्हतं.

आवडाबाई उठल्या आणि धावत मागच्या अंगणात गेल्या. मी त्यांच्या मागं. तिथं खड्ड्यापाशी कडूबा, आमचा वॉर्डबॉय, काठीनं राख सारखी करत होता. कालची बादली कुठंय, म्हणून त्यांनी विचारलं.

"सकाळीच जाळली की," कडूबा म्हणाला. "का? कायी हरवलं का बाई?"

आवडाबाईंनी खड्ड्यात बघितलं. पावसाच्या भुरभुरीनं राख काळी झाली होती.

मी त्यांना जिन्याखाली ओढून नेलं. मी काय बोलले ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हणाले, कालच्या चारही पाचाच्याच असतील. आठातल्या पाच बरोबर निघाल्यात ना? हसीनाला बघा, पोरीला पाजतेय, हसतेय. आत काही असतं तर हसली असती का? मी म्हणाले, माझ्या घरात नोकरी करणारी मी एकटी आहे. मी म्हणाले, आवडाबाई, तुम्हाला माझी शपथ.

"तुला भ्या वाटतंय," त्या म्हणाल्या. "मला बी वाटतंय. पन पोट तिचं हाय."

त्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. मी दारात उभी राहिले. त्यांनी सरळ सांगितलं की वातींच्या सवयीनं त्यांच्याकडून जुड्या चुकीच्या बांधल्या गेल्या. डॉक्टरांचा चेहरा पांढरा झाला आणि मग लाल झाला.

"सोडताना मोजल्या नव्हत्या?" त्यांनी विचारलं. "कुणी सोडल्या?"

आवडाबाईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "मीच सोडल्या साहेब," त्या म्हणाल्या. "घाई व्हती, मोजायच्या राहिल्या."

मी दारात उभी होते. चार पावलांवर. मी गप्प बसले.

डॉक्टर वाईट माणूस नव्हते, घाबरलेले होते. एक्स-रेत गॉज दिसत नाही, ते म्हणाले. देवाच्या वातींवरून अंदाज बांधून मी एका ओल्या बाळंतिणीचं पोट पुन्हा उघडू? आत काही नसलं तर? तिला काही झालं तर? ताप आला तर बघू. आणि बाहेर एक शब्द जाता कामा नये.

मग सुरू झालं ते वाट बघणं. आवडाबाई ड्यूटी संपली तरी घरी जाईनात. हसीनाच्या खाटेशेजारी स्टुलावर बसायच्या, हात मांडीवर पालथे. दर दोन तासांनी थर्मामीटर. ते तोंडातून काढून खिडकीकडं धरताना त्यांचे ओठ हलायचे. लिननच्या खोलीत अर्धा स्वेटर सुयांसकट पडून होता. मी तो आणून दिला तर त्यांनी साप दिसावा तसा अंग चोरून हात मागं घेतला. "नगं," त्या म्हणाल्या. "माझी बोटं मला न इचारता काम करतात. मला त्यांचंच भ्या वाटाया लागलंय."

मलाही भीती होती, पण माझी भीती हलकी होती आणि तिच्यात हसीनाचा चेहरा नव्हता. मला वाटत होतं हे उघडकीला येईल, माझं नाव निघेल. शहरातल्या घराघरांत म्हणतील, आपल्याच माणसांतल्या नर्सनं आपल्या पोरीला मारलं. रस्त्यात कुणी "सिस्टर" म्हणून हाक मारली तरी मी ऐकू न आल्यासारखी पुढं निघून जायचे. आणि त्या बिचाऱ्या हसीनाला वाटायचं, काय माया आहे ह्या बाईंची, रात्रंदिवस उशाशी बसतात. ती आवडाबाईंना आपा म्हणायला लागली. तिनं त्यांच्याकडून पोरीसाठी टोपी मागितली. आवडाबाई उठून बाहेर गेल्या.

गुरुवारी संध्याकाळी तापमान नव्याण्णव. शुक्रवारी सकाळी एकशे एक. पोट तट्ट झालेलं, चहा पोटात ठरेना, पोरीला जवळ द्यायला गेलं तर हसीना मान फिरवत होती. डॉक्टरांनी बघितलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, दुधाचा ताप आहे. त्यांनी इंजेक्शन लिहून दिलं. माझ्या नजरेला त्यांनी नजर दिली नाही.

आवडाबाईंनी इंजेक्शन दिलं, सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि व्हरांड्याकडं चालायला लागल्या. त्या कुठं निघाल्यात हे मला कळलं. मी त्यांची बाही धरली. खरंच धरली, शिवण उसवेल इतकी. त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली.

गयास बाकावर बसला होता. त्या त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं. वाती, जुड्या, सहा घड्या, राख. त्यांचा आवाज इतका कापत होता की गयासला दोनदा विचारावं लागलं. मला वाटलं तो आता ओरडेल, मारायला धावेल.

"आपा," तो म्हणाला, "ये मेरेकू कायकू बता रै तुम? तुम्हारी तो नौकरी जाती."

"तुमी म्हनल्याबिगर डॉक्टर उघडायचे नायत," आवडाबाई म्हणाल्या. "आन आत कायी नसलं तर मी तुमच्या बायकोला उगंच फाडली आसं व्हनार. मला नक्की म्हाईत नाय. मला निस्तं भ्या वाटतंय. तुमी ठरवा."

गयास उठला. डॉक्टरांच्या खोलीचं दार आतून बंद झालं. आवाज चढले, उतरले. अर्ध्या तासानं डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, टेबल लावा.

पोट उघडत होते तेव्हा मी काय दुआ मागत होते, अल्लालाच माहीत. सापडू दे म्हणावं, तर एका बाईच्या पोटात चार दिवस चिंधी कुजत होती असं मागणं. नको सापडू म्हणावं, तर तिला उगाच कापल्याचं मागणं. आवडाबाईंना डॉक्टरांनी आत घेतलं नव्हतं. दाराच्या काचेतून त्यांची पांढरी टोपी तेवढी दिसत होती.

गर्भाच्या पिशवीच्या मागं, डाव्या अंगाला, डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी चिमटा मागितला. आणि ती बाहेर आली. हिरवट पिवळी, पण घडी मोडलेली नव्हती. कडा आत घेतलेल्या होत्या, आवडाबाई घ्यायच्या तशा.

डॉक्टरांनी ती ट्रेमध्ये ठेवली. मग ते मला म्हणाले, "मोजा." मी मोजायला लागले, मोठ्यानं, आणि माझा हुंदका फुटला तरी मोजत राहिले.

हसीना वाचली. पंधरा दिवस तापात गेले, पण वाचली. गयासनं तक्रार केली नाही. का केली नाही, मी विचारायची हिंमत केली नाही. आवडाबाईंना ऑपरेशन थिएटरमधून काढून वॉर्डात टाकलं. मी थिएटरमध्येच राहिले. महिनाभरानं मी त्यांना रडत विचारलं, माझं नाव का नाही घेतलं?

"दोघी गेलो असतो," त्या म्हणाल्या, "तर मोजाया कोन राह्यलं असतं? आता तू मोजत जाशील. मला खात्री हाय."

उरलेल्या वाती लक्ष्मीबाईंनी चाचपत चाचपत वळल्या. आवडाबाईंनी थंडीत पुन्हा सुया हातात घेतल्या, कारण त्याशिवाय त्यांना झोप येईना. पण फक्त घरी, आणि ड्यूटीवर निघायच्या आधी लोकर पेटीत कुलूप लावून. जुडी बांधायची वेळ आली की मात्र त्या दुसऱ्याला द्यायच्या. कोथिंबिरीचीसुद्धा.

आणि भीती सरली म्हणावं तर तेही नाही. हसीनाच्या पोटात जरा दुखलं की गयास सिल्लोडहून बस पकडून यायचा. डॉक्टरांना भेटायचा नाही. थेट आवडाबाईंकडं. "आपा, अंदर और कुछ तो नै ना?" आवडाबाई त्याच्या डोळ्यांत बघून म्हणायच्या, "नाय बाबा. कायी नाय." तो समाधानानं परत जायचा. त्या मोरीपाशी जाऊन तांब्याभर पाणी प्यायच्या. एकदा मला म्हणाल्या, "मला तरी कुठं म्हाईत हाय रईसा? पन त्यो दुसऱ्या कुनाला इचारीत नाय."

अडीच वर्षांनी हसीनाचे पुन्हा दिवस भरत आले तेव्हा ती आमच्याच दवाखान्यात आली. मी चाट पडले. पुन्हा सिझर करावं लागणार होतं. तिनं डॉक्टरांना सांगितलं की आवडाआपा मोजणार असतील तर मी टेबलावर जाते, नाहीतर दुसरीकडं. डॉक्टर म्हणाले, बोलवा त्यांना.

आवडाबाई लिननच्या खोलीत जाऊन बसल्या. दार आतून लावलं. "माझ्या हातानं नाय व्हनार," त्या आतून म्हणाल्या. मी विनवण्या केल्या, डॉक्टर येऊन गेले. शेवटी हसीना स्वतः आली, एक हात भिंतीला, एक पोटाखाली. कळा सुरू झाल्या होत्या.

"आपा, दरवाजा खोलो."

"बाई, मी चुकले व्हते. तुझं पोट मीच..." आतून आवाज आला. "मला अजून भ्या वाटतं गं."

"मालूम है," हसीना म्हणाली. "इसलिएच मेरेकू तुम होना. जिसकू डर नै लगता, उसकू मै नै गिनने देती."

मग कडी निघाली.

त्या दिवशी आवडाबाईंनी एकही जुडी स्वतः सोडली नाही. मी सोडायची, मोठ्यानं मोजायची, त्या पुन्हा मोजायच्या आणि मग घडी डॉक्टरांच्या हातात जायची. चार जुड्या, वीस. मुलगा झाला. पाठीतल्या इंजेक्शनमुळं हसीना जागी होती, पडद्याच्या पलीकडं तिचा चेहरा छताकडं. डॉक्टर सुईदोरा घेऊन थांबले. आवडाबाई खाली वाकून वापरलेल्या घड्या एकेक उलगडून फडक्यावर मांडत होत्या आणि मोजत होत्या, इतक्या मोठ्यानं की बाहेर व्हरांड्यात गयासलाही ऐकू जात असेल. विसाच्या आकड्यावर त्या थांबल्या. फडक्यावर आणखी काही नव्हतं, बादलीत काही नव्हतं. त्यांच्या कपाळावरून घाम मास्कमध्ये उतरत होता.

"आपा, हुआ?" पडद्यामागून हसीनानं विचारलं.

"थांब बाई," आवडाबाई म्हणाल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागल्या.